फोटोतली गांधीलमाशी दरवेळी का ओळखता येत नाही, आणि त्यावर काय करायचं

भाताला लोंब्या धरल्या, दसरा जवळ आला की माझ्या फोनवर गांधीलमाश्यांचे फोटो यायला लागतात. बेळगावजवळच्या बेळगुंदी, किणये, उचगावकडून येतात, खानापूर-जांबोटीकडून येतात, कधी निपाणीहून, कधी हद्दीपलीकडच्या चंदगडहून. कुणाच्या कौलाखाली पोळं धरलेलं असतं, कुणाच्या देवघराच्या खिडकीत एकटीच काळी माशी बसलेली असते. फोटोखालची ओळ बहुतेक वेळा तीच: "टीचर, ही कसली माशी? चावती काय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, आणि पहिल्याचं उत्तर त्या फोटोत सापडत नाही. दरवर्षी हीच अडचण येते. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि बरीच वर्षं या माश्यांच्या मागे फिरते आहे. माशी दुर्मीळ असते म्हणून ओळख अडते, असं फार क्वचित होतं. ज्या दोन-तीन खुणांवर ओळख ठरते नेमक्या त्याच फोटोत आलेल्या नसतात. रंग आणि पट्टे तेवढे आलेले असतात, आणि रंगावर विसंबलं की चूक झालीच म्हणून समजा.

काळा-पिवळा हा कुणा एका जातीचा गणवेश नाही. "माझ्या वाटेला जाऊ नका" हे सांगायला कितीतरी कीटक तोच पेहराव घालतात. नांगी असलेले घालतात, नसलेलेही घालतात. एकाच जातीच्या माश्या दोन वेगळ्या मुलखांत वेगळ्या रंगाच्याही असतात. त्यात आपल्याकडे नावांचा घोळ. घराघरात सगळ्यांनाच गांधीलमाशी म्हणतात, मातीचं घर करणारीला कुंभारीण म्हणतात, मोठी काळी कुठलीही दिसली की तिला भुंगा म्हणतात. कन्नड बोलणारा शेजारी त्यालाच कणज म्हणतो, आणि कणज म्हणजे त्याच्याकडे धान्याचं कोठारही. त्यामुळे फोनवर नुसतं नाव सांगून काही ठरत नाही, खुणाच बघाव्या लागतात.

अ‍ॅप चुकीचं नाव का सांगतं

आता बरेच जण फोटो आधी ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपला दाखवतात आणि मग घाबरून मला पाठवतात. 2019 च्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आशियाई राक्षसी गांधील सापडली आणि 2020 साली तिची बातमी जगभर फिरली. तेव्हापासून मोठी गांधील दिसली की "मर्डर हॉर्नेट" हे नाव पुढे येतं. ही जात, व्हेस्पा मँडरिनिया, भारतात आहे, पण ती हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येकडे. बेळगावच्या माळावर ती नाही. तसंच "येलोजॅकेट" या नावाचं. व्हेस्प्युला नावाच्या या गटातल्या भारतीय जाती हिमालयाकडच्या थंड प्रदेशातल्या आहेत. अ‍ॅपने तुमच्या व्हरांड्यातल्या माशीला येलोजॅकेट म्हटलं, तर ती बहुधा कागदी पोळं करणारी पॉलिस्टीस किंवा रोपालिडिया असते, नाहीतर कुंभारमाशी.

अ‍ॅपचं काम रूप जुळवण्याचं. त्याच्याकडे ज्या देशांतून जास्त फोटो गेलेत तिकडची नावं ते आधी पुढे करतं. म्हणून नाव आलं की पहिला प्रश्न विचारायचा: ही जात पश्चिम घाटात, निदान दक्षिण भारतात, नोंदलेली आहे का? नसेल तर जातीचं नाव सोडायचं आणि एक पायरी वर, प्रजातीवर (जवळच्या जातींच्या गटावर) किंवा त्याहून मोठ्या कुळावर थांबायचं. कुळ बरोबर कळलं की चावेल का, घरटं काढावं का, शेताला उपद्रव आहे का, या सगळ्यांची उत्तरं मिळतात. जातीचं नाव मिळालं तर चांगलंच, पण त्यासाठी अंदाज ठोकू नये.

मी स्वतः एकदा तो ठोकला होता. फक्त पाठीवरून काढलेला फोटो, तांबूस-पिवळी मोठी माशी, आणि मी लिहून मोकळी झाले: "गांधील वाटते, जपून." त्या घरच्यांनी संध्याकाळी घरट्यावर रॉकेल ओतलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पायरीवर मातीची चार छोटी बोळकी फुटून पडली होती आणि आत अळ्या होत्या. डेल्टा नावाची कुंभारमाशी होती ती. एकटी राहणारी. हातात धरून दाबल्याशिवाय ती कुणाला डसत नाही. त्या दिवसापासून एका फोटोवर मी नाव सांगत नाही.

आधी पंख बघा

बसलेल्या माशीचे पंख बघा, ही सर्वात उपयोगाची खूण. गांधील, कागदी पोळ्याच्या माश्या आणि कुंभारमाश्या या सगळ्या व्हेस्पिडी कुळातल्या. बसल्यावर त्यांचे पुढचे पंख लांबीच्या दिशेने घडी होतात, निऱ्या दुमडल्यासारखे. त्यामुळे पंख अरुंद, पट्टीसारखे दिसतात. चिखलाची नळकांडी बांधणारी लांब कमरेची माशी स्फेसिडी कुळातली. ती पंखांची अशी घडी करत नाही, तिचे पंख पाठीवर सपाट, रुंद पसरलेले असतात. फोटोत एवढं दिसलं तरी अर्धी यादी कटते. उडत्या माशीचा फोटो म्हणूनच फारसा उपयोगी नाही. ती टेकेपर्यंत थांबावं.

मग कंबर. पोट आणि छातीमधला भाग बाजूने दिसला पाहिजे, वरून काढलेल्या फोटोत तो झाकला जातो. कंबर नुसती चिमटलेली आहे, की तिथे लांब दांडा आहे, आणि तो दांडा सरळ काडीसारखा आहे की पुढे फुगत जाणारा? आपल्याकडे घराघरात दिसणारी स्केलिफ्रॉन मद्रासपटानम काळी असते, पायांवर पिवळं असतं, कमरेचा दांडा काडीसारखा बारीक आणि पिवळा. हिला 1781 साली फॅब्रिशियसने मद्रासच्या नावावरून नाव दिलं. कुंभारमाशीचा दांडा पोटाकडे जाता जाता घंटेसारखा रुंद होतो.

समोरून चेहरा मिळाला तर फार बरं. व्हेस्पिडीचे डोळे आतल्या बाजूला खाच पडलेले असतात, काजूच्या आकाराचे. खानापूर-चंदगडकडे काजू सगळ्यांनी बघितलेला असल्याने मुलांना ही खूण एकदा सांगितली की विसरत नाहीत.

मिशा मोजता येतील इतका फोटो स्वच्छ असेल तर मोजा. नांगीवाल्या माश्यांत मादीच्या मिशीला 12 मणी असतात, नराच्या 13. नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचंच बदललेलं रूप. त्यामुळे नराला नांगी नसते, तो डसूच शकत नाही. मिशा दोऱ्यासारख्या लांब असून मणी त्याहून कितीतरी जास्त असतील आणि मागे शेपटीसारखी लांब सुई लोंबत असेल, तर ती इक्न्युमॉन. त्या सुईला लोक सर्वात जास्त घाबरतात. ती अंडी घालायची नळी आहे. माशी तिने लाकडातल्या किंवा पानातल्या अळीपर्यंत पोचते, माणसाच्या मागे लागत नाही.

मोठ्या पट्टेवाल्या गांधिलीबद्दल एवढंच सांगते की पट्टा नेमका कुठे आहे ते फोटोत आलं पाहिजे. आपल्याकडच्या व्हेस्पा ट्रॉपिका आणि व्हेस्पा अफिनिस या दोघींचा रुंद पिवळा पट्टा कमरेला लागून, पोटाच्या सुरुवातीला असतो आणि पुढचं पोट काळं. कोरड्या मुलखात राहणाऱ्या ओरिएंटल हॉर्नेटचा पिवळा पट्टा पोटाच्या मधल्या भागात येतो आणि अंग तांबूस. ट्रॉपिका अंगाने मोठी, अफिनिस लहान. पण फोटोत शेजारी माप नसेल तर या दोघींत एक निवडायच्या भानगडीत पडू नये. दोघींचं पोळं दिसलं की करायचं ते एकच: लांब राहायचं.

बेळगुंदीच्या रताळ्याच्या शेतातली गोष्ट

ही जरा सविस्तर सांगते, कारण यात फोटोची चूक आणि तिची किंमत दोन्ही आहेत.

आमच्या नात्यातल्या मामांचं बेळगुंदीच्या वाटेवर शेत आहे. बाजूला ऊस, मध्ये रताळी. एका सकाळी त्यांचा फोन आला, मागोमाग फोटो. काळ्या माश्यांचा नुसता थवा जमिनीवर वीतभर उंचीने घिरट्या घालतोय. फोटोत काळे ठिपके तेवढे होते, एकही माशी स्पष्ट नव्हती. अ‍ॅपने हॉर्नेट म्हणून सांगितलेलं. मामा म्हणाले, "औषध आणून ठेवलंय, उद्या पहाटे मारतो. बायका रताळी काढायला यायला तयार नाहीत."

मी म्हटलं, "मामा, आज मारू नका. मी येते, बघूया की."

ऊन चढायच्या आत गेले. थवा तसाच होता, पण एकही माशी अंगावर येत नव्हती. मी वेलांत उकिडवी बसले तर त्या माझ्या गुडघ्यांना वळसा घालून जात होत्या. जमिनीलगत आठाचा आकडा काढल्यासारख्या फिरत होत्या, बसत मात्र क्वचितच. अर्ध्या तासाने एक रताळ्याच्या पानावर टेकली. तोवर ऊन तिरकं होतं, प्रकाश बाजूने पडत होता. मी दोन हात अंतरावरून झूम करून एका दमात वीस-पंचवीस फोटो ओढले. त्यातले तीन कामाचे निघाले.

पंख सपाट, घडी नाही. म्हणजे गांधील नाही. सगळ्या अंगावर लव, पोटाच्या प्रत्येक कड्याच्या काठावर केसांची झालर. मिशा लांब, सरळ. आणि पंखांच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात बारीक बारीक सुरकुत्या, इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या. फोटो मोठा करून ती सुरकुती बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. स्कोलिडी कुळ. पंखांच्या टोकावरच्या या सुरकुत्या त्या कुळाची पक्की ओळख आहेत. लांब मिशांचे सगळे नर होते, मातीतून माद्या बाहेर येण्याची वाट बघत फिरणारे. त्यांना नांगीच नाही.

थोड्या वेळाने मादीही दिसली. नराहून दांडगी, मिशा आखूड आणि वळलेल्या, पायांवर काटे. ती उसाच्या सरीत उतरली, माती हुंगत चालली आणि बघता बघता डोकं खुपसून आत शिरली. मातीचा छोटा ढिगारा हलला, मग काही नाही. ती आत गेली होती ती हुमणीसाठी. जमिनीखाली हुमणीची अळी गाठायची, तिला नांगी मारून लुळी करायची, अंगावर एक अंडं घालायचं, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या हुमणीवर वाढतं. हे तिचं आयुष्य.

हुमणी म्हणजे काय ते आपल्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी बाभळी-कडुलिंबावर भुंगेरे जमतात, जमिनीत अंडी घालतात, आणि पावसाळाभर पांढरी अळी उसाची मुळं खात राहते. वरून ऊस पिवळा पडेपर्यंत कळतच नाही. मामांनी सरीत कुदळ मारली तर पहिल्याच ढेकळाखाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेल्या दोन अळ्या निघाल्या. ते काही बोलले नाहीत, उठून बांधावर गेले आणि औषधाचा डबा घरी परत पाठवला. ज्या माश्या हुमणी मारायला आल्या होत्या त्यांच्यावरच फवारा बसणार होता.

या माश्यांनी सगळी हुमणी संपते असं मी म्हणणार नाही. पण अशा माश्या शेतावर जमल्या की खाली अळ्या आहेत हे शेतकऱ्याला वेळेत कळतं. शेणखताच्या खड्ड्यावरही याच कुळातल्या काही दांडग्या माश्या फिरतात, त्या गेंडाभुंग्याच्या अळ्यांवर असतात. किडीची अंडी मारायला उसात लावायचं ट्रायकोकार्ड ऊसवाल्यांना माहीत आहेच. त्या कार्डावर चिकटवलेली ट्रायकोग्रामा हीसुद्धा याच मोठ्या गोतावळ्यातली, डोळ्याला जेमतेम दिसणारी. तिला पैसे देऊन आणायचं आणि फुकट आलेल्या तिच्या भावंडांना मारायचं, हे चुकतंय.

माशीचा फोटो जमत नसेल तर घरट्याचा काढा

माशी थांबत नाही, घरटं थांबतं. कितीतरी वेळा घरट्याचा एक स्वच्छ फोटो माशीच्या दहा फोटोंना भारी पडतो.

खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी सगळीकडे जातात. तीच माती कुंभारमाशीही वापरते. भिंतीला किंवा काटकीला चिकटलेली, गळ्याला काठ असलेलं छोटं बोळकं दिसलं तर ते कुंभारमाशीचं. आत पानं खाणारे हिरवे सुरवंट कोंबलेले असतात. एकाला एक लागून चिखलाच्या नळ्या आणि वरून ओबडधोबड लिंपण असेल, तर ती स्केलिफ्रॉनची. एखादं फुटलेलं घरटं मिळालं तर आत बघा. डझनभर कोळी निपचित पडलेले दिसतील, मेलेले नाहीत, लुळे. आत कोळी असतील तर स्केलिफ्रॉन, सुरवंट असतील तर कुंभारमाशी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नळाजवळच्या ओल्या मातीवर ही माशी गोळी करायला येते. गोळी भिंतीला थापताना ती गुणगुणते, ती गुणगुण दुपारच्या शांत घरात स्पष्ट ऐकू येते. त्या आवाजानेच मी तिला पुष्कळदा खिडकीत शोधलं आहे.

राखाडी कागदाचं, उघड्या खोल्यांचं, बारीक देठावर लोंबणारं पोळं म्हणजे कागदी माश्या. जुन्या दाराचं किंवा कुंपणाच्या बांबूचं लाकूड त्या खरवडतात, थुंकीत मळतात आणि त्याचा कागद करतात. तांबूस अंग, पोटावर पिवळा पट्टा, अंगाने लहान असेल तर बहुधा रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं हिचाच अभ्यास केला. आडनावातलं गदग आपल्या शेजारचंच. एकेका माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन तिच्यावर नजर ठेवायची, अशा चिकाटीने ते काम झालं. या माशीची राणी दांडगाई करणारी नसते, पोळ्यातल्या सौम्य माश्यांपैकीच एक असते, हे त्यातून पुढे आलं. आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात हिचं पोळं आहे. मुलं खालून जातात येतात, माश्या आपल्या कामात असतात. काठी लावली तर मात्र त्या डसणारच.

फुटबॉलएवढं, बाहेरून करड्या-तपकिरी लहरींच्या कवचाचं, एक दार असलेलं बंद पोळं झाडावर किंवा छपराखाली दिसलं तर फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका. ते मोठ्या गांधिलीचं, अफिनिसचं. ट्रॉपिका पोकळीत, ढोलीत, जमिनीतल्या बिळात राहते, त्यामुळे तिचं पोळं दिसतही नाही. ट्रॉपिका कागदी माश्यांच्या पोळ्यांवर धाड घालते आणि त्यांची पिल्लं उचलते. तुमच्या कौलाखालचं छोटं पोळं एका दिवसात रिकामं झालं असेल, तर त्यामागे ती असू शकते.

माशीच नसते तेव्हा

काही फोटोंत मुळात माशीची जातच वेगळी असते. पंखांची एकच जोडी, मोठाले डोळे, मिशा अगदी आखूड असतील तर ती फुलांवर तरंगणारी सिर्फिड माशी. नांगी नाही, मावा खाणाऱ्या अळ्यांची आई. काळ्या-पिवळ्या पोटाचा, पंखांवर पारदर्शक खिडक्या असलेला पतंगही दिवसा गवतावर बसतो, त्याला कंबरच नसते. मोठा निळसर-काळा, वाशाला गोल भोक पाडणारा भुंगा ही मधमाशीच्या नात्यातली सुतारमाशी.

आणि एक खास घरातली. काळी, घरमाशीएवढीच, भिंतीवर चालता चालता चिमुकलं चपटं पोट झेंड्यासारखं वर-खाली हलवणारी. इव्हानिया. ती झुरळाच्या अंड्यांच्या पाकिटात आपलं अंडं घालते. तिला चपलेने मारलेले फोटो मला येतात तेव्हा फार वाईट वाटतं, ती दिसली म्हणजे घरात झुरळं आहेत आणि ती त्यांच्या मागावर आहे.

हिरव्या-निळ्या चकाकीच्या माश्यांत तीन ठरलेल्या. मांड्या लाल असतील तर अँप्युलेक्स, झुरळाच्या डोक्यात नांगी मारून त्याला मिशीने धरून गाईसारखं ओढत नेणारी. अंगाने मोठी, मातीत बीळ खणणारी, रातकिडे पकडणारी असेल तर क्लोरिऑन. बुटकी, अंगभर खड्डे पडलेली, हात लावताच गोळा होणारी असेल तर क्रायसिडिडी, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडं टाकणारी. तिन्हींत माणसाला धोका म्हणावा असा नाही.

जवळ जायचं किती

एकट्या राहणाऱ्या माशीचा फोटो हातभरावरून काढता येतो. पोळं करून राहणाऱ्यांच्या बाबतीत झूमच वापरा, श्वास त्यांच्या दिशेला सोडू नका, फ्लॅश नको, पोळ्याखालच्या फांदीला-वाशाला धक्का नको. धक्का आणि श्वास या दोन गोष्टींनी त्या उठतात. मोठ्या गांधिलीचं पोळं घराला लागून असेल तर काढायचं काम जाणत्या माणसाकडून, रात्री, अंग पूर्ण झाकून. टेंभा आणि रॉकेल नको, आपल्याकडे वासे-कौलं पेटल्याचे प्रसंग लोकांच्या आठवणीत आहेत.

मधमाशीची नांगी कातडीत राहते, गांधिलीची राहत नाही, त्यामुळे एकच गांधील पुन्हा पुन्हा डसू शकते. एखाद-दुसरा डंख असेल तर साबण-पाणी आणि गार पट्टी. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली तर क्षणभरही थांबू नका, दवाखाना गाठा. मोठ्या गांधिलीचे बरेच डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी जा. मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसतो.

फोटो पाठवताना

मेलेली माशी खिडकीच्या कठड्यावर, ट्यूबलाइटखाली सापडते. ती सर्वात उत्तम. तिला चिमट्याने उचला, ताजी असेल तर मेल्यावरही नांगी टोचू शकते. आलेख वहीच्या पानावर ठेवून तीन फोटो काढा: वरून, बाजूने, समोरून. चौकटींमुळे माप आपोआप कळतं.

जिवंत असेल तर सकाळी लवकर, अंगात ऊब यायच्या आत ती सुस्त असते तेव्हा काढा. फोन अगदी नाकाशी नेण्यापेक्षा थोडं मागे राहून दुप्पट झूम चांगला, जवळून नेलं की फोकस मागच्या भिंतीवर जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून टाकलात तर तो आवळला जातो आणि पंखाच्या सुरकुत्या, मिशांचे मणी सगळं पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून टाका. स्क्रीनशॉट तर नकोच. आणि सोबत लिहा: गाव, तारीख, वेळ, ती काय करत होती, तोंडात काही होतं का.

गेल्या पावसाळ्यानंतर सातवीतल्या एका मुलीचा फोटो आला. फोटो हललेला, तांबूस धब्बा आणि मागे चिऱ्याची भिंत. त्याखाली तिने लिहिलं होतं: "टीचर, सकाळी 9 वाजता. गोठ्याच्या भिंतीतल्या भोकात जाते. पंख दुमडून काडीसारखे. पोटावर काळे पट्टे. तोंडात हिरवी अळी धरून आली, तिच्याएवढीच लांब. भोकाचं तोंड चिखलाने लिंपलं. मी तीन दिवस बघितलं, आमची म्हैस तिथेच बांधतात, तिला काही केलं नाही."

पंखांची घडी, आयतं भोक, तोंडात सुरवंट, चिखलाचं बूच. कुंभारमाश्यांच्या गटातली, बहुधा रिंकियम. मी तिला तसं कळवलं आणि भोक बुजवू नको म्हटलं. महिनाभराने तिचा दुसरा फोटो आला, या वेळी डॉक्युमेंट म्हणून: चिखलाच्या बुचाला गोल छिद्र पडलेलं, आणि भिंतीवर पंख वाळवत बसलेली नवी माशी.